चाकांवरचा जुना वाडा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. ज्याने ही म्हण केली त्याच्या काळी चालते घर नव्हते. नाही तर तिसरा एक चरण त्याने नक्कीच जोडला असता. घर आणि मोटार ही दोन्ही दुखणी एकाच सांगाड्यावर बसवायची, त्याला सहा टायर लावायचे, ती वस्तू कुणीतरी वीस वर्षे वापरायची, आणि मग आयुष्यभराच्या शिलकीतून एखाद्या निवृत्त माणसाने ती विकत घ्यायची! अशा माणसाविषयी शेजारीपाजारी काय बोलतात, ते मी पुष्कळ दिवस ऐकले आहे.

इकडे अमेरिकेत या वस्तूला मोटरहोम म्हणतात. मी तिला मोटारघर म्हणेन. बाहेरून पाहिले तर लांबच लांब आरामबस. आत शिरले तर दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागे निजायची खोली. आम्ही घेतलेले मोटारघर ३८ फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद आहे. म्हणजे दादर-गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्यांचा ऐवज धरा. उंची-महाग प्रकारातल्या गाड्यांना चेरीच्या लाकडाची कपाटे असतात, कातडी कोच असतात, कपडे धुण्याचे यंत्र असते, शंभर-शंभर गॅलन पाण्याच्या टाक्या असतात, आणि रानात उभे राहिलात तरी वीज मिळावी म्हणून स्वतःचा जनरेटर असतो. एंजिन डिझेलचे, आणि तेही मागच्या बाजूला. त्यामुळे गाडी चालवणाराच्या कानाशी फक्त वारा. स्प्रिंगांच्या जागी हवेने फुगवलेल्या पिशव्या असतात, म्हणून रस्त्यावरचा खड्डा हा एक दूरचा निरोप होऊन आपल्यापर्यंत पोचतो.

ही हौस कशासाठी, असे कुणीही विचारील. मी १९८६ साली पुण्याहून ओहायो राज्यातल्या डेटन गावी आलो आणि यंत्रांची आरेखने करण्यात नोकरीची वर्षे घालवून २०२३ साली निवृत्त झालो. मुलगा ह्यूस्टनला, मुलगी सिएटलला. एकीकडे जायचे तर दक्षिणेचे टोक, दुसरीकडे जायचे तर वायव्येचे. निवृत्तीनंतर दोघांकडे आलटूनपालटून राहावे अशी मुलांची इच्छा होती आणि ती मनापासून होती. पण आमच्या घरातल्या गृहखात्याचे मत निराळे पडले.

“अहो, चार दिवस पाहुणचार बरा,” ही म्हणाली. “पाचव्या दिवशी सूनबाईला आपलं स्वयंपाकघर परत हवंसं वाटतं. त्यात तिचा काही दोष नाही. मी सून होते तेव्हा मलाही वाटत असे.”

मुलांच्या गावात राहायचे, पण मुलांच्या घरात नाही, असा तो प्रश्न होता. दोन गावांत दोन बिऱ्हाडे मांडण्याची आमची ऐपत नव्हती. एकच बिऱ्हाड दोन्हीकडे नेणे शक्य होते. त्यासाठी आम्ही ७५,००० डॉलर बाजूला काढले. हे पैसे पुन्हा मिळवण्याचे आमचे वय उरले नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. चिरंजीव फोनवर म्हणाले, “बाबा, तुम्ही आयुष्यात कधी सेकंडहँड सायकलसुद्धा घेतली नाहीत!” वाक्य खरे होते, म्हणून मी त्याला उत्तर दिले नाही.

आता यातली मुख्य गोम सांगतो. आमच्या गाडीसारखी गाडी नवी असताना पावणेतीन लाख डॉलरांना जात असे. वीस वर्षांनी तिची किंमत पन्नास-साठ हजारांवर येते. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे असाच हा आकडा आहे, आणि फसगत होते ती इथेच. गाडीची किंमत उतरते. तिच्या दुरुस्तीची उतरत नाही. टायर पावणेतीन लाखांच्या गाडीचे, ब्रेक हवेचे, रेडिएटर ट्रकचा, आणि मेकॅनिक तासाला पैसे घेणार तेही त्याच मानाने. पेशवाईतला वाडा कुणी पडत्या भावात दिला, तरी त्याचे कौलारू छप्पर शाकारायला येणारा माणूस काही पडत्या भावात येत नाही. म्हणून आमच्या ७५,००० पैकी गाडीवर ५५,००० हून एक डॉलरही जास्त घालायचा नाही आणि २०,००० बँकेत राहू द्यायचे, असे आम्ही गाडी पाहण्याच्या आधीच ठरवले. हा आकडा हिने एका चिठ्ठीवर लिहून माझ्या पाकिटात ठेवला. पुढे दोनदा ती चिठ्ठी मला उपयोगी पडली. गाडी समोर उभी असली की माणसाचे गणित कच्चे होते.

इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचा परगणा आहे. अमेरिकेतली बहुसंख्य मोटारघरे आणि मोटारीमागे ओढायची घरे त्या भागात तयार होतात. आमच्या गावापासून चार तासांची वाट; म्हणून पहिली फेरी तिकडे मारली. तिथे या वाहनांचे एक संग्रहालयही आहे. १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने काढलेली पुढच्या चाकांवर चालणारी मोटारघरे अजून काही हौशी लोक लेकराप्रमाणे सांभाळतात. त्यांची जात वेगळी. त्या परगण्यातली खरी मौज मात्र रस्त्यावर दिसते. तिथे आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती आहे. ही मंडळी स्वतः मोटार बाळगीत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून जातात. आणि त्यांच्यातले कितीतरी हात याच कारखान्यांत सुतारकाम करून चाकांवरचे महाल उभे करतात. कपाटाचे दार उघडून त्याचा सांधा पाहिला, की हे काम पिढीजात सुताराचे आहे हे कळते.

तिथल्या एका विक्रेत्याकडे आम्हाला एक झगझगीत गाडी दाखवण्यात आली. शिसवी रंगाची कपाटे, आरसे, छताला नक्षी. विक्रेता तोंडाचा गोड होता. मी एंजिनाची माहिती विचारीत असताना ही आतल्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन हळूच मराठीत म्हणाली, “पावसाळ्यात बंद ठेवलेल्या आमच्या राजापूरच्या घराचा वास येतोय. वरून अत्तर मारलंय, पण तो वास तोच.” मी पलंगामागच्या भिंतीवर अंगठा दाबला. भिंत पोळीसारखी दबली.

जुन्या मोटारघराचा खरा शत्रू पाणी. या गाड्यांच्या भिंती म्हणजे बाहेरून फायबरग्लासचा पत्रा, मध्ये फोम आणि प्लायवुड, सगळे एकमेकांना चिकटवलेले. छताच्या एखाद्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून पाणी शिरले की आतले लाकूड कुजते, पत्रा सुटतो आणि बाहेरून फोड आल्यासारखा दिसतो. एंजिन बिघडले तर ते दुरुस्त होते. भिंत कुजली तर गाडी संपली. १९९० नंतर तर भिंतीचा एक भाग बटण दाबून बाहेर सरकवण्याची सोय आली. उभे राहिल्यावर दिवाणखाना तीन फूट रुंद होतो, बायकामंडळी खूष होतात. पण असा प्रत्येक सरकता कप्पा म्हणजे भिंतीला मुद्दाम पाडलेले भगदाड, आणि भोवतीची रबरी पट्टी वीस वर्षांनी किती शिल्लक असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. चार कप्प्यांच्या गाडीपेक्षा दोन कप्प्यांची बरी, असे माझे मत झाले. हिचे अजून तीनचे आहे.

सालाचाही विचार करावा लागतो. २००७ सालच्या सरकारी नियमांनी नव्या डिझेल एंजिनांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. २०१० च्या नियमांनी युरियाचे द्रावण टाकायची आणखी एक टाकी आली. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण जुनी गाडी घेणाऱ्याला तेवढीच जास्त यंत्रे आणि तेवढीच जास्त बिले. म्हणून पुष्कळ जाणते लोक २००७ पूर्वीचे एंजिन शोधतात. दुसरीकडे २००९ साली मंदीत मोनॅको, फ्लीटवुड, कंट्री कोच अशा नावाजलेल्या कंपन्यांनी दिवाळे काढले. मग त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मला एका ट्रकच्या मेकॅनिकने दिले, आणि ते मी सगळ्यांना सांगत असतो. गाडीतले जे ट्रकचे आहे ते उद्याही मिळेल. जे त्या कारखान्याने स्वतःच्या साच्यातून काढले ते मिळणार नाही. कमिन्सचे एंजिन, ॲलिसनचा गिअरबॉक्स, हवेचे ब्रेक यांचे भाग देशात कुठल्याही महामार्गावर मिळतात. पुढचा दिव्याचा साचा, बंपर, ती विशिष्ट वळणाची पुढची काच यांसाठी मात्र भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. कमिन्स हे नाव पुणेकरांना सांगायला नको. १९६२ सालापासून किर्लोस्करांच्या भागीदारीने ते कोथरूडकरांच्या ओळखीचे आहे. ते नाव एंजिनावर वाचले तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले, हेही इथे सांगून टाकतो.

आता किती मैल झाले याविषयी. आपण जुनी मोटार घेताना मीटरवर कमी आकडा दिसला की हुरळतो. इथे उलटे आहे. डिझेल एंजिनाला एक लाख मैल म्हणजे काही म्हातारपण नव्हे. वीस वर्षांत जेमतेम वीस हजार मैल चाललेली गाडी दाखवून विक्रेता “अगदी नवीच आहे” म्हणू लागला, की मी सावध होतो. न उपसलेल्या विहिरीचे पाणी आणि न चालवलेली गाडी, दोन्ही सारखीच. उभ्या गाडीची रबरी सीले सुकतात, टाकीतल्या डिझेलला बुरशी धरते, बॅटऱ्या मरतात, जनरेटर रुसतो. टायरांवरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून तडकलेले असते. टायरच्या बाजूवर एक चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असा असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सात वर्षे होत आली की नक्षीकडे न पाहता बदलायचा, असा या लोकांचा रिवाज आहे. आमच्या गाडीला सहा लागतात, आणि बसवण्यासकट चार-साडेचार हजार डॉलर होतात. पुढचा टायर महामार्गावर फुटला तर काय होईल, हे तेरा टनांच्या गाडीबाबत कल्पनेवरच सोडलेले बरे.

रेडिएटरची एक गोष्ट मात्र थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती जाहिरातीत नसते. काही गाड्यांचा रेडिएटर अगदी मागे, एंजिनाच्या पाठीशी असतो. एंजिनाच्या नळीतून तेलाची वाफ निघते, रस्त्याची धूळ उडते, आणि पंखा ती दोन्ही नेऊन रेडिएटरवर थापतो. वर्षानुवर्षांनी तिथे गोवरीसारखा थर जमतो. सपाट ओहायोत काही कळत नाही. कोलोरॅडोच्या घाटात पारा चढला म्हणजे कळते. रेडिएटर बाजूला असलेल्या गाड्यांत हे पुष्कळ कमी. मागे असला तर विजेरी घेऊन खाली निजावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मी सहासष्टाव्या वर्षी सात गाड्यांखाली निजलो.

अशा अकरा गाड्या पाहिल्यावर २०२४ च्या मार्चमध्ये फ्लॉरिडात ऑकाला गावाजवळ एक जाहिरात सापडली. ओरेगॉनमध्ये बांधलेली, २००४ ची, कमिन्सचे ८·९ लिटरचे ४०० अश्वशक्तीचे एंजिन, मैल ८७,०००. विकणाऱ्या बाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे यजमान आदल्या हिवाळ्यात गेले. इकडच्या वृद्ध जोडप्यांत एक दिवस ‘किल्ल्या खुंटीला लावण्याचा’ येतो: कुणाची दृष्टी जाते, कुणाचा जोडीदार. जुन्या गाड्यांतल्या चांगल्या गाड्या बहुधा अशाच घरांतून बाहेर पडतात. दुसऱ्याच्या दुःखातून आपला सौदा व्हावा हे मनाला बरे वाटत नाही. पण तसे होते खरे.

बाईंनी आम्हाला गाडी दाखवण्याच्या आधी चहा दिला आणि एक जाडजूड वही पुढे ठेवली. यजमानांचे अक्षर. वीस वर्षांतला प्रत्येक तेलबदल, तारीख आणि मैलांसह. जनरेटर दर महिन्याला दोन तास, एअरकंडिशनर लावून चालवला त्याच्या नोंदी. छतावरचे सांधे कधी भरले, टायर कोणत्या दुकानात बसवले, त्यांवरचे शिक्के. २०११ साली डाव्या खिडकीतून पाणी आले. किती आले, कुठपर्यंत आले, भिंत उघडून कशी वाळवली, त्याचे चित्रसुद्धा. आरेखनकाराच्या डोळ्यांना ते चित्र पाहून भरून आले. गाडीतला दोष लपवायचा असता तर ते पान फाडून टाकणे सोपे होते. मी ती खिडकीखालची भिंत दाबून पाहिली, ठणठणीत होती. हिने आत जाऊन वास घेतला आणि मान हलवली.

तरीसुद्धा आम्ही त्या दिवशी पैसे दिले नाहीत. विकणारा सज्जन असणे आणि गिअरबॉक्स चांगला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इकडे मोटारघरे तपासणारे स्वतंत्र परीक्षक मिळतात. त्याला १,२०० डॉलर दिले. तो दिवसभर राबला. एंजिनाच्या, गिअरबॉक्सच्या आणि जनरेटरच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. प्रत्येकाचे तीस-चाळीस डॉलर. रक्त तपासल्यावर डॉक्टरला कळते तसे त्या तेलातून धातूचे कण किती, रेडिएटरचे पाणी झिरपते की काय, हे कळते. हिने आयुष्यभर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलेले; तो अहवाल तिने माझ्या आधी वाचला आणि माझ्यापेक्षा चांगला वाचला. मागणी ६२,००० ची होती. परीक्षकाने लिहिलेल्या उणिवा बाईंपुढे ठेवल्या आणि पाकिटातली चिठ्ठीही दाखवली. सौदा ५४,००० ला झाला. इतक्या जुन्या गाडीवर कर्ज द्यायला बँका कुरकुरतात, म्हणून तो रोखीचाच करावा लागतो.

पहिल्या वर्षाचा हिशेब विचाराल तर असा. घरातल्या दिव्यांच्या बॅटऱ्या १,६००. गॅसवर चालणारा जुना फ्रीज तिसऱ्या महिन्यात थंड होईनासा झाला. त्या जागी साधा घरगुती विजेचा फ्रीज बसवून घेतला, २,६००. छतावरच्या दोन एअरकंडिशनरांपैकी एक, १,८००. तेल, गाळण्या, पट्टे ९००. मिळून ६,९०० डॉलर, आणि यात डिझेल धरलेले नाही. गाडी गॅलनला आठ मैल जाते. डेटन ते ह्यूस्टन सुमारे अकराशे मैल. २०२४ साली गॅलनचा भाव चार डॉलरच्या आतबाहेर होता, तेव्हा एका खेपेला सव्वापाचशे डॉलर नुसते जळले. वर्षातून पंधरा दिवस सहलीला जाणाऱ्याने हा उद्योग करू नये. त्याने भाड्याने गाडी घ्यावी किंवा सरळ हॉटेलात उतरावे. वर्षातले पाच-सहा महिने जो खरोखर तिच्यात राहणार आहे, त्यालाच हे गणित बसते.

शिवाय लांब गाडी म्हणजे सगळीकडे आगतस्वागत असे नाही. खाजगी तळांपैकी काही ठिकाणी दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत. आधी फोटो पाठवा म्हणतात. राष्ट्रीय उद्यानांतले पुष्कळ जुने तळ एवढ्या लांबीसाठी आखलेलेच नाहीत. ग्लेशियर उद्यानातला प्रसिद्ध घाटरस्ता तर एकवीस फुटांहून लांब वाहनाला वरच्या भागात बंदच आहे. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांपलीकडच्या गाडीला वेगळा परवाना लागतो. आम्ही अडतीसवर थांबलो त्याचे हेही एक कारण. वजनाचीही मर्यादा आहे. श्रीमंती गाड्या मुळातच जड असल्याने सामानाला फारसा वाव उरत नाही. पाण्याची टाकी भरली की आठशे पौंड तिथेच जातात. हिने पाटा-वरवंटा बरोबर घ्यायचे ठरवले होते. परीक्षकाने गाडीची चारी टोके वजनकाट्यावर चढवून आकडे दिले, तेव्हा मी माझे दिवाळी अंकांचे तीन खोके घरी ठेवले. पाटा आला.

मुलाच्या दाराशी गाडी उभी करू, हे मात्र जमले नाही. त्यांच्या वसाहतीचे नियम आड आले. तिथून पंधरा मिनिटांवर एक तळ आहे. नातू शनिवारी तिथे राहायला येतो आणि पुढच्या खुर्चीवर बसून न चालणारी गाडी चालवतो. सूनबाई रविवारी जेवायला येते, आणि आमच्या त्या दोन हात रुंद स्वयंपाकघरात आमच्या घरच्या सासूबाई तिला काही करू देत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सिएटल झाले. वही अजून चालू आहे. बाईंच्या यजमानांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारून मी पुढे लिहितो. टायरांवरच्या शिक्क्यांप्रमाणे सहाही टायर २०२७ साली बदलायचे आहेत. त्याचे साडेचार हजार आत्ताच वेगळे काढून ठेवले आहेत.